रेसेमिक : द्राक्षांच्या घडातून निघालेला शब्द

दोस्तांनो, घरातल्या औषधांच्या डब्यात कधी डोकावलात (नुसतं डोकावायचं हं, गोळी तोंडात टाकायची नाही!) तर एक गंमत दिसेल. शिंका आणि ॲलर्जीवरची एक गोळी असते सेटिरिझिन, १० मिलिग्रॅम. दुसरी असते लेव्होसेटिरिझिन, ५ मिलिग्रॅम. काम तेच, पण माप निम्मं. असं का? याचं उत्तर आजच्या शब्दात दडलंय : रेसेमिक.

लॅटिनमध्ये ‘रेसेमस’ म्हणजे द्राक्षांचा घड. आता घडाचा आणि गोळीचा काय संबंध? तर द्राक्षाची दारू मुरते तेव्हा पिंपाच्या आतून एक क्षार जमतो. त्यातून मिळतं टार्टारिक आम्ल. आपली चिंच आंबट लागते तीही याच आम्लामुळे. या आम्लाच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला की तो थोडा उजवीकडे वळतो. पण १८२० च्या सुमारास फ्रान्समधल्या एका कारखान्यात याच क्षारातून दुसरंच एक आम्ल हाती लागलं. घटक तेच, प्रमाण तेच, पण प्रकाश मात्र अजिबात वळत नव्हता! त्याचं नाव पडलं रेसेमिक आम्ल, म्हणजे ‘घडाचं आम्ल’. बिचाऱ्या नावात तेव्हा एवढाच अर्थ होता.

कोडं सोडवलं लुई पाश्चरने, १८४८ साली, पॅरिसमध्ये. तेव्हा तो होता अवघा पंचवीस वर्षांचा. त्याने रेसेमिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक बारकाईने पाहिले. काहींचा एक छोटा पैलू उजवीकडे होता, तर काहींचा डावीकडे. जणू आरशातली प्रतिबिंबंच! मग पठ्ठ्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. आई तांदूळ निवडते ना, अगदी तसं. एका ढिगाच्या पाण्याने प्रकाश उजवीकडे वळला, दुसऱ्याच्या पाण्याने तेवढाच डावीकडे. दोन्ही समसमान मिसळले की हिशेब शून्य! बियो नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा यावर विश्वास बसेना. त्याने स्वतःकडची रसायनं देऊन पाश्चरला सारा प्रयोग आपल्यासमोर करायला लावला, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. यात पाश्चरचं नशीबही होतं बरं का. साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर हे स्फटिक असे वेगळे होतच नाहीत. मे महिन्यात नागपूरला प्रयोग केला असता, तर निवडायला काही मिळालंच नसतं!

आता नमस्कार करा. तळहात एकमेकांवर छान बसतात. पण एक हात दुसऱ्यावर पालथा ठेवा. एकीकडचा अंगठा दुसरीकडच्या करंगळीवर येतो. काही रेणूंचंही असंच असतं : एक डावा, एक उजवा. अशा डाव्या-उजव्यांचं अगदी निम्मं-निम्मं मिश्रण म्हणजे रेसेमिक. साखर-मीठ कालवलंत तर ते रेसेमिक नव्हे. डावे साठ टक्के आणि उजवे चाळीस, तरीही नव्हे.

पण आपल्या शरीराला हा फरक कळतो का? चांगलाच कळतो! कार्व्होन नावाच्या रेणूचा एक हात नाकाला पुदिन्यासारखा लागतो, तर दुसऱ्याचा वास बाळंतशोपेत असतो. औषधांचंही तेच. सेटिरिझिन रेसेमिक आहे. त्यातला एकच हात मुख्य काम करतो, दुसरा जवळजवळ नुसता सोबत फिरतो. कामाचा हात तेवढा वेगळा काढला की झालं लेव्होसेटिरिझिन. ‘लेव्हो’ म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारं. म्हणून १० च्या जागी ५!

प्रत्येक वेळी मात्र गोष्ट इतकी सोपी नसते. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. तेही रेसेमिक होतं. गरोदर बायकांना मळमळीवर ते दिलं गेलं आणि हात-पाय अर्धवट वाढलेली दहा हजारांहून अधिक बाळं जगभर जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घेतलं गेलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी कंपनीचा तगादा सोसला, पण पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी दिली नाही. तिथली असंख्य बाळं त्यामुळे वाचली.

‘एक हात चांगला होता आणि एक वाईट, चांगला तेवढा दिला असता तर काही झालं नसतं,’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. थॅलिडोमाइडचा कुठलाही एक हात पोटात गेला, तरी शरीरात त्याचा काही भाग दुसऱ्या हातात बदलतो. कुष्ठरोगातल्या एका त्रासावर आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर हे औषध आजही देतात, अतिशय कडक देखरेखीखाली आणि गरोदर बाईला मुळीच नाही. आणि देतात तेही रेसेमिकच.