मांजराला उंची द्या, पण डगमगती नको

फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या घरांतल्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. फ्रिजवर चढतं, पडद्याला लोंबकळतं, सोफ्याची पाठ उसवून ठेवतं, माळ्यावरच्या पिशव्या खाली पाडतं. यातलं काहीही मांजर खोडी म्हणून करत नाही. उंचावर बसून घराचा कारभार न्याहाळणं, भीती वाटली की वर निघून जाणं आणि कुठेतरी करकरून नखं ओढणं या त्याच्या रोजच्या गरजा आहेत. गावाकडच्या मांजराला त्यासाठी कौलं, पडवीचे खांब आणि परसातला आंबा असतो. दोन खोल्यांत बंद दाराआड राहणाऱ्या मांजराला ही सोय आपणच करून द्यायची असते. नाही केली, तर ते फ्रिज शोधणारच.

तेव्हा कॅट ट्री, म्हणजे खांबांवर फळ्या बसवलेलं मांजराचं झाड म्हणा, भिंतीवरच्या फळ्या म्हणा, नखं ओढायचा खांब म्हणा, काहीतरी जरूर घ्या. मात्र आपण सगळे ते उलट्या क्रमाने निवडतो. आधी मऊ फर बघतो, मग रंग, मग लोंबणारा गोंडा आणि शेवटी किंमत. मांजराच्या लेखी पहिला प्रश्न एकच असतो: हे हलतं का? पहिल्याच उडीला झाड डोललं, तर भित्रं मांजर पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही. मग ‘एवढे पैसे घातले आणि हे खोक्यात जाऊन बसतं’ असं म्हणत आपण ती वस्तू बाल्कनीत टाकतो. निवडताना आधी घट्टपणा बघा, मग उंची, मग ठेवायची जागा. मऊपणा सगळ्यात शेवटी.

घेताना काय बघावं

दुकानात बघत असाल तर सगळ्यात वरच्या फळीवर तळहात ठेवून आडवा दाब द्या. तळ उचलला गेला किंवा खांब कुरकुरला, तर पुढे विचारू नका. चार किलोचं मांजर बसल्यावर चार किलोच भार देतं, पण धावत येऊन उडी मारतं तेव्हा धक्का त्याच्या कितीतरी पट असतो आणि तोही आडवा. म्हणून उंची जितकी जास्त तितका तळ रुंद आणि जड हवा. चार फुटांवरचं कोणतंही झाड एल-अँगलने भिंतीला बांधून टाकलेलं बरं. घरात लहान मूल असेल तर हे ऐच्छिक समजू नका.

दुसरी गोष्ट फळीची. तयार झाडं बहुधा पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची असतात आणि वरून कापड चिकटवलेलं असल्यामुळे ते दिसत नाही. झाड उलटं करून तळाची कडा बघा. मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या दमट हवेत असा बोर्ड एक-दोन पावसाळ्यांत फुगतो. स्क्रूभोवतीचा भुसा मोकळा होतो, भोक सैल पडतं आणि स्क्रू कितीही पिळला तरी नुसता गरगर फिरत राहतो. ओळखीचा सुतार असेल तर त्याच्याकडून करून घेणं कधीही चांगलं. १८ किंवा १९ मिलिमीटरचं प्लायवूड सांगा, आणि त्यावर आयएस ३०३ बीडब्ल्यूआर असा शिक्का आहे का ते बघा. हा दर्जा ओलाव्याला बऱ्यापैकी टिकतो. पॉलिशचा किंवा वाळवीच्या औषधाचा वास पुरता जाईपर्यंत मांजराला जवळ येऊ देऊ नका. ते सगळ्याला अंग घासतं आणि मग ते अंग चाटतं.

तिसरी गोष्ट खांबाची. झोपून उठलेलं मांजर नीट बघा. ते मागच्या पायांवर उभं राहतं, पुढचे पंजे जमेल तितके वर रोवतं, पाठ ताणतं आणि सगळं वजन टाकून नखं खाली ओढतं. या ओढण्यात नखाचं जुनं बाहेरचं टरफल गळतं, खांद्यांना ताण मिळतो आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे उमटतो. दीड फुटी खुंट्यावर यातलं काहीच नीट होत नाही. नखं ओढण्याच्या सवयींची घरोघरची माहिती घेऊन केलेली एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन फूट किंवा त्याहून उंच, सरळ उभे आणि दोर गुंडाळलेले खांब मांजरं जास्त वापरतात, असं तीत दिसलं. खांब तीन फुटांचा घ्या. बोका मोठा असेल तर आणखी थोडा उंच.

दोर घायपाताचा घ्या. दुकानात तो सिसल म्हणून मिळतो. तागाची सुतळी लवकर तुटते, काथ्या फार खरखरीत असतो आणि त्याचा कचरा होतो, नायलॉनवर नखं रुतत नाहीत. चार इंची, तीन फूट उंच खांबाला आठ मिलिमीटर जाडीचा दोर चाळीस मीटरच्या आसपास लागतो, म्हणून दहा मीटरची गुंडी आणून सुरुवात करू नका. खालचं टोक स्क्रू आणि वॉशरखाली दाबून पक्कं करा. प्रत्येक वेढा ओढून घ्या आणि पाच-सहा वेढे झाले की लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने खाली बसवा. स्टेपलच्या पिना मारू नका. दोर सुटला की त्या वर येतात आणि पंजात घुसतात.

सोफा आधीच फाडला असेल, तर नवा खांब सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लागून उभा करा. मांजर त्यावर रुळलं की रोज थोडा थोडा सरकवा. नखं काढून टाकायचा विचार मात्र मनातही आणू नका. त्या शस्त्रक्रियेत बोटाचं शेवटचं पेर कापलं जातं. नखांची टोकं अधूनमधून कापणं पुरे होतं.

भिंतीवरच्या फळ्या

जागा कमी असलेल्या घरात फळ्याच सोयीच्या. एक फूट खोल फळीवर मांजराला वळता येतं. दोन फळ्यांमध्ये एक ते दीड फुटाची चढण ठेवा आणि त्या एकावर एक न लावता पायऱ्यांसारख्या सरकवून लावा. गुळगुळीत सनमायकावर पंजे घसरतात, म्हणून वर जाजमाचा तुकडा किंवा रबरी चटई चिकटवा. त्यात टाके वर आलेले नकोत, पिल्लांची नखं अडकतात.

भिंत कशाची आहे हे आधी विचारून घ्या. जुन्या विटांच्या भिंतीत साधी गिट्टी बसवून स्क्रू धरतो. नव्या इमारतींमधल्या हलक्या, करड्या ब्लॉकच्या भिंतीत तोच स्क्रू हळूहळू सुटतो. तिथे त्या भिंतीसाठीचे लांब प्लग लागतात. फळी लागली की मांजराच्या आधी तिच्यावर दहा किलोची तांदळाची गोणी रात्रभर ठेवा. सकाळी फळी एका बाजूला झुकलेली दिसली, तर ती काढून पुन्हा लावा.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे छताचा पंखा. परदेशी चित्रं बघून आपण छताला भिडलेल्या फळ्या लावतो, पण त्या घरांत बहुतेक वेळा पंखा नसतो. वरच्या फळीवरून पंख्याच्या पात्यापर्यंत उडी पोहोचत असेल, तर ती फळी खाली घ्या. देवघरातली समई आणि गॅसची शेगडीही उडीच्या टप्प्यात नसावी.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावू देत नसतील, तर जुनी लाकडी घडवंची किंवा भक्कम स्टूल घ्या. त्याच्या दोन पायांना दोर गुंडाळा, वर गोधडी घाला आणि ते खिडकीशी ठेवा. उंची कमी असली तरी ते हलत नाही, आणि मांजर बसतं.

कुठे ठेवावं, कोणासाठी

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड रिकामंच राहतं. घरातली माणसं बसतात त्या खोलीत, खिडकीजवळ, जिथून कबुतरं आणि रस्ता दिसतो तिथे ते ठेवा.

पण खिडकीशी उंची दिली की जाळी हवीच. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराला आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. जी जागीच गेली ती या मोजणीत आलीच नाहीत, आणि वाचलेल्यांमध्येही छातीच्या जखमा, फाटलेले टाळू आणि मोडलेले पाय होते. डासांची जाळी मांजर नखांनी सहज फाडतं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी चालते, मात्र ती उन्हाने कुजते आणि हुकातून सुटते. दर दोन-तीन महिन्यांनी ती चारही कोपऱ्यांत ओढून बघा.

दोन मांजरं असतील तर वर जायला आणि उतरायला वेगवेगळ्या वाटा हव्यात. एकच वाट असली की दबंग मांजर तिच्या तोंडाशी बसतं आणि दुसरं वर अडकतं. बसायच्या जागाही दोन, आणि एकमेकींपासून दूर.

मांजर म्हातारं झालं की चढण कमी करा, मध्ये एखादी पायरी किंवा उतार घाला. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. रोज वर जाणारं मांजर अचानक खालीच बसू लागलं, तर ‘आता शांत झालंय’ असं म्हणून सोडून देऊ नका. त्याला दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. डॉक्टरांना दाखवा.

निगा

महिन्यातून एकदा झाड हलवून बघा आणि सगळे बोल्ट आवळा. झाडासोबत आलेली ती वाकडी चावी बांधून तळाशी चिकटवून ठेवली, तर ऐनवेळी शोधावी लागत नाही. बोल्ट आवळूनही डुगडुग राहिली तर बोर्ड गेला असं समजा. तो बदला, कागदाच्या घड्या घालून भागवू नका.

दोर पिंजारला म्हणून लगेच नवा करू नका. पिंजारलेला दोर म्हणजे खांब वापरात आहे, आणि त्यावर मांजराचा स्वतःचा वास आहे. आतलं लाकूड दिसू लागलं किंवा दोराचे फास लोंबू लागले की मगच बदला, तोही जमल्यास अर्धा आता, अर्धा पुढच्या वेळी. लोंबणारे गोंडे आणि दोरे तुटायच्या आत कापून टाका. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

फरला अडकलेले केस आठवड्याला व्हॅक्यूमने किंवा ओल्या रबरी हातमोज्याने काढा. पिसवांची अंडी आणि कोष अशाच कापडात दडतात. गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणूही कापडात महिनोन्महिने टिकतात आणि ती माणसालाही होते. म्हणून सुटे निघणारे, धुता येणारे गादीचे अभ्रे असलेलं झाडच घ्या. मांजराला गजकर्ण झालंच असेल, तर कापडी भाग टाकून देणं बरं. पावसाळ्यात झाड ओल्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि ऊन पडलं की उलटं करून तळ वाळवा.

आता सगळ्यात कळीची सूचना. फिनेलने झाड पुसू नका आणि त्याच्या आसपासची फरशीही पुसू नका. फिनॉल जातीची आणि पाइन तेलातली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. काळं फिनेल, पाइन तेलाचं पांढरं फिनेल आणि जखमेवर लावायची पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशकं, सगळी यात आली. ओल्या फरशीवरून मांजर चालतं आणि पंजे चाटतं, तेवढं पुरतं. साबणाचं सौम्य पाणी आणि ऊन यांनी काम भागतं. डांबरगोळ्या फळ्यांमागे टाकू नका, आणि कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिनचं औषध मांजरावर किंवा त्याच्या झाडावर मारू नका. ते मांजराच्या जिवावर बेततं. घरात झाडूपोछा करायला मावशी येत असतील तर त्यांना हे कारणासकट समजावून सांगा, आणि फिनेलची बाटली घरातूनच काढून टाका. नुसतं ‘वापरू नका’ म्हटलेलं सणासुदीच्या साफसफाईत विसरलं जातं.

हे सगळं एकदम करायला हातात पैसे नसतील, तर क्रम असा ठेवा. पहिले पैसे खिडकीच्या जाळीला. मग एक तीन फुटी, जड तळाचा खांब. मग एक भक्कम बैठक खिडकीशी. फळ्यांची रांग, झोळी, गादी हे सवडीने. मोठं, पाच मजली, फरचं झाड शेवटीही नाही घेतलं तरी मांजराचं काही अडत नाही.