दाराचा भार वाहतो कोण?

१/ चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा हे दरवाजे पाहणारा एकच प्रश्न विचारतो: दार किती जाड होते? प्रश्नच चुकीचा आहे.

२/ जुन्या किल्ल्यांची कवाडे वर-खाली खुंटांवर, दगडी खळग्यांत फिरत. ८०० किलोचे, २ मीटर रुंद, ४ मीटर उंच कवाड घ्या. त्याचा भार खुंटांपासून १ मीटरवर एकवटतो. तो खालचा खळगा पेलतो. पण कवाड झुकू नये म्हणून वरचा आधार त्याला सुमारे २०० किलोभाराने भिंतीकडे ओढतो, खालचा तितक्याच बळाने भिंतीपासून दूर रेटतो. हीच आधाराची प्रतिक्रिया. जाडी वाढली की वजनाबरोबर ही ओढही वाढते.

३/ म्हणजे दाराचे बळ भिंतीकडून उसने घेतलेले असते. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी चांद्याच्या तटालाच खिंडार पाडले आणि फौज त्यातून आत शिरली.

४/ तरीही यंत्रशास्त्र इंग्रजांबरोबर आले, असे बेधडक लिहिले जाते. सूत्र न मांडता ही ओढ दगडात जिरवणाऱ्या पाथरवट-सुतारांना इतिहासात एक ओळही नाही. डागडुजीत खुंटाचा खळगा बुजवणे म्हणजे त्यांचा एकमेव लेख पुसणे होय.