छायाचित्रामागचा अदृश्य पत्ता

अकलूज परिसरातील ऊस उत्पादक आज बांधावर उभा राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र घेतो आणि 'ई-पीक पाहणी'त नोंद करतो. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या या योजनेत छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही शासनाकडे जातात. शेत कोठे आहे हे सांगणे हाच तेथे हेतू असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु तोच मोबाइल घरी अंगणात खेळणाऱ्या नातीचे छायाचित्र घेतो, आणि कॅमेऱ्याला ठिकाण नोंदविण्याची परवानगी दिलेली असेल, तर घराचा ठावठिकाणाही तितक्याच निष्ठेने टिपून ठेवतो.

छायाचित्राच्या फाइलमध्येच दिनांक, वेळ, यंत्राचे नाव यांसारखा तपशील साठविण्याची 'एक्झिफ' ही पद्धती जपानमध्ये १९९५ साली ठरली. चित्र पाहताना हा तपशील दिसत नाही. तो उघडून पाहणाऱ्याला मात्र सहज वाचता येतो. डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझमधून परागंदा झालेले संगणक उद्योजक जॉन मॅकॅफी यांचे छायाचित्र एका नियतकालिकाने प्रसिद्ध केले, आणि ते ग्वाटेमालात कोठे आहेत हे त्या छायाचित्रातील नोंदींनीच जगाला सांगितले.

बाजारात विकणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक असते. येथे मात्र विकाऊ गाईचे छायाचित्र अनोळखी गिऱ्हाइकाला धाडणारा गृहस्थ नकळत गोठ्याचा पत्ताही देऊन बसतो. अशा व्यवहाराला संमतीचा व्यवहार कसे म्हणावे?

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने छायाचित्र पाठविल्यास या नोंदी सामान्यतः गळून पडतात. परंतु 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास वा ई-मेलला जोडल्यास त्या शाबूत राहू शकतात. कार्यालयातील कारकून आणि घरून अभ्यास पाठविणारा विद्यार्थी यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले. तथापि व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. साहजिकच पहिली राखण नागरिकालाच करावी लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील 'लोकेशन' बंद ठेवावे. जुने छायाचित्र देताना त्यातील ठिकाण पुसून प्रत द्यावी. मूळ प्रत मात्र जपावी, कारण पिकाच्या नुकसानीचा वा अपघाताचा पुरावा म्हणून याच नोंदी उपयोगी पडतात. अर्थात चित्रातच घराची पाटी दिसत असेल, तर हा उपायही व्यर्थ होय.

सारा भार ग्राहकावर टाकून मोबाइल कंपन्यांनी मोकळे होऊ नये. ठिकाणाची नोंद मुळात बंद असावी आणि ती सुरू करण्यापूर्वी परिणाम मराठीत स्पष्ट सांगितले जावेत. ज्याच्यापाशी लपविण्याजोगे काही नाही त्याने कशाला भ्यावे, असा प्रश्न काही जण करतात. परंतु रात्री दाराला कडी लावणाऱ्या गृहस्थावर आजवर कोणी संशय घेतलेला नाही.