भिंतीवरचा प्रकाश कोणासाठी?

चलच्चित्र दाखवावयाचे तर यंत्र, पडदा, काळोख आणि प्रेक्षक या चार गोष्टी लागतात. त्यांपैकी यंत्र एके काळी चित्रपटगृहातील एक स्वतंत्र खोली अडवून बसत असे आणि ते चालविण्यासाठी शिकलेला ऑपरेटर लागे. आज तेच काम बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी करते. लेसरच्या प्रकाशावर चालणारे हे छोटे प्रोजेक्टर गेल्या काही वर्षांत बाजारात आले आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीवर शंभर इंची चित्र, घरबसल्या चित्रपटगृह आणि मुलांना संगणकीय खेळांचे विशाल मैदान, अशी त्यांची जाहिरात चालू आहे. जाहिरातीतील चित्रात बहुधा आईवडील, दोन मुले आणि एक सोफा असतो. यंत्राच्या गुणांविषयी जाहिरात थोडी अतिशयोक्ती करते, हा दोष एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु हे यंत्र मुळात कोणासाठी आहे, याविषयी ती जो समज रूढ करीत आहे, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

या पेटीत दोन-तीन पिढ्यांचे विज्ञान सामावलेले आहे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसरकिरण मिळविला. अर्धवाहकापासून निळा प्रकाश मिळविणे ही पुढील अनेक वर्षे अवघड समस्या होती. ती सोडविणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी असंख्य सूक्ष्म आरसे वसविलेली एक चकती तयार केली. तिच्यावरील प्रत्येक आरसा एका सेकंदात हजारो वेळा कलतो आणि चित्रातील एकेक बिंदू उजळतो किंवा विझवतो. आजच्या बऱ्याच प्रोजेक्टरांत निळा लेसरकिरण स्फुरद्रव्याचा लेप दिलेल्या फिरत्या चाकावर पडून पिवळा प्रकाश निर्माण करतो आणि त्यातून तांबडा व हिरवा रंग वेगळा काढला जातो. अधिक महाग यंत्रांत तिन्ही रंगांचे स्वतंत्र लेसर असतात. ही सारी किमया खरी आहे. तिचे कौतुक करण्यात कोणी संकोच करू नये.

काळोख फेकता येत नाही

मात्र निसर्गाचे नियम जाहिरातीपुढे नमत नाहीत. प्रोजेक्टर भिंतीवर प्रकाश फेकू शकतो, काळोख फेकू शकत नाही. चित्रातील काळा रंग म्हणजे ज्या जागी प्रकाश पडला नाही ती भिंत. खोलीत दिवे चालू असतील किंवा खिडकीतून दुपारचे ऊन येत असेल, तर भिंत जितकी उजळलेली तितकाच चित्रातला काळा रंग करडा. हिशेब साधा आहे. शंभर इंची चित्राचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास भरते. हजार ल्युमेन प्रकाश त्यावर पसरला, तर दर चौरस मीटरच्या वाट्याला सुमारे ३६० ल्युमेन येतात. चांगल्या उजेडाच्या खोलीत भिंतीवर शे-दोनशे ल्युमेन आधीच पडत असतात. चित्राचा कर्ण दुप्पट केला, की तेज चौथाईवर उतरते. म्हणून ग्राहकाने ल्युमेनचा आकडा कोणत्या मोजणीने काढला हे विचारावे. पडद्यावरील नऊ ठिकाणी मापून सरासरी काढलेला आकडा आणि खोक्यावर ठळक छापलेला आकडा यांत पुष्कळ अंतर असू शकते.

‘फोर-के’ या शब्दाचेही तसेच आहे. त्या मापाच्या चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. छोट्या यंत्रांतील चकतीवर पुष्कळदा २१ लाखांच्या आसपासच आरसे असतात आणि चित्र अतिशीघ्र गतीने चार वेळा किंचित सरकवून उरलेले बिंदू भरून काढले जातात. डोळा ते मान्य करतो, म्हणून ही फसवणूक नव्हे. पण विकत घेणाऱ्याला ते ठाऊक असावे. खेळांच्या बाबतीत प्रश्न विलंबाचा आहे. सेकंदाला साठ चित्रे दाखविली जातात तेव्हा एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम साठावा भाग येतो. वाकडे पडलेले चित्र यंत्राकडून सरळ करवून घेतले, की त्या गणितासाठी वेळ जातो आणि खेळणाऱ्याचा हात पडद्याच्या पुढे धावतो. यंत्र भिंतीसमोर सरळ ठेवणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे. आणि चालू यंत्राच्या भिंगात मुलांनी डोकावू नये, ही ताकीद तर प्रत्येक घरात द्यावयास हवी.

दिव्याची कटकट संपली

या यंत्राचा जो सर्वांत मोठा गुण, त्याचा जाहिरातीत पुरेसा उच्चार होत नाही. जुन्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असे. काही हजार तासांत तो मंदावे आणि मग बदलावा लागे. नवा दिवा महाग पडे. अनेक संस्थांतील प्रोजेक्टर कपाटात जाऊन पडले, त्याचे हे एक प्रमुख कारण. लेसरचे आयुष्य साधारणतः वीस हजार तास सांगितले जाते. एखाद्या शाळेने वर्षातील दोनशे दिवस रोज चार तास यंत्र चालविले, तरी हा आकडा गाठावयास पंचवीस वर्षे लागतील. वीस हजार तासांचा अर्थ बहुधा तेज निम्म्यावर येण्याचा काळ असा असतो, आणि त्याआधी पंखा, धूळ किंवा विजेची चढउतार यंत्राला जायबंदी करू शकते, हे गृहीत धरले तरी लाभ मोठाच आहे. दिवाणखान्यात आठवड्याला एक चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला या दीर्घायुष्याचा फारसा उपयोग नाही. त्याचा खरा उपयोग जेथे रोज काम आहे आणि दुरुस्तीला पैसा नाही, तेथे आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली, की भिंतीवरचा प्रकाश आजवर कोणासाठी होता हे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे प्रयोग दाखविले, ते जमलेल्या लोकांसमोर. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविली गेली, तीही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. पुढे जत्राजत्रांतून तंबू ठोकून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना चित्रपट दाखविला. त्यांच्या अखेरच्या दिवसांची नोंद ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात झाली आहे. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी जगातील उत्तमोत्तम चित्रपट सभासदांना एकत्र बसवून दाखविले आणि त्यावर चर्चा घडविल्या. पडद्यावर काय दिसले याला जितके महत्त्व, तितकेच ते कोणाच्या शेजारी बसून पाहिले यालाही होते.

याचा अर्थ घरी चित्रपट पाहणे हा अपराध आहे, असा मुळीच नव्हे. बहुपडदा चित्रपटगृहाचे तिकीट, तेथील खाद्यपदार्थांचे दर आणि रात्रीचा परतीचा प्रवास यांची बेरीज केली, तर चार माणसांच्या नोकरदार कुटुंबाने घरची भिंत का पसंत करावी हे सहज समजते. जिना उतरू न शकणाऱ्या वृद्धांना, तान्ह्या मुलांच्या आयांना ही सोय मोलाची आहे. एका भिंतीसमोर चार मुले एकत्र खेळत असतील, तर चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे. तक्रार घराविषयी नाही. सार्वजनिक पडदे एकेक करून मिटत असताना, खाजगी पडदा एवढाच काय तो पर्याय उरला आहे असे मानण्याविषयी आहे.

एक अनुभव या देशाने पूर्वी घेतला आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले. संच बसविले होते ते सार्वजनिक जागी, सारा गाव पाहू शकेल असे. प्रयोगाची मुदत संपली. पुढील दशकात दूरदर्शन संच घराघरांत गेला आणि सामुदायिक संचाची कल्पना मागे पडली. चावडीवर चार जणांनी मिळून पाहावे, मग त्यावर वाद घालावा, ही सवय मुळे धरण्यापूर्वीच उपटली गेली. दूरदर्शनच्या लहान पडद्यासमोर पन्नास माणसे दाटीने बसणार कशी, असा बचाव तेव्हा करता येत होता. आठ फुटी चित्र फेकणारी पेटी हाती असताना तो बचाव लागू पडत नाही.

शाळा आणि ग्रंथालये

मग करावे काय? २०१५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. गावकऱ्यांनी आपल्या खिशातून पैसे काढले. तो उत्साह जागा आहे तेथे पुढील खरेदी विचारपूर्वक व्हावी आणि दिव्याचा स्वस्त प्रोजेक्टर घेऊन तीन वर्षांनी कपाटात टाकण्याऐवजी लेसरचा एकच चांगला घ्यावा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांच्याकडे सभागृह नसेल, पण एक भिंत आणि संध्याकाळचा काळोख असतोच. महिन्यातून एक माहितीपट आणि त्यानंतर अर्ध्या तासाची चर्चा, इतक्या साध्या उपक्रमाने वाचनालयाकडे पाठ फिरविलेला तरुण पुन्हा त्याच्या दारात येऊ शकेल.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यासमोर चित्रपट दाखविण्याची मुभा दिली आहे. ग्रंथालयांना मात्र प्रताधिकारधारकाची परवानगी काढावी लागते. शासनाच्या खर्चाने तयार झालेल्या माहितीपटांचा मोठा साठा देशात आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने त्यात दीर्घकाळ भर घातली. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले हे चित्रपट जनतेच्या ग्रंथालयांना विनाकटकट दाखविता यावेत, एवढी सोय शासनाने करून द्यावयास हरकत नसावी.

यंत्रे दिली म्हणजे काम होते, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. ज्या शाळेत प्रोजेक्टरची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी असते, तेथे लेसर आला काय आणि दिवा राहिला काय, फरक पडत नाही. चित्र दाखवून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारणारा शिक्षक, खुर्च्या मांडणारा कार्यकर्ता, धूळ पुसून यंत्र नीट झाकून ठेवणारा कारकून, यांच्यावाचून पेटी म्हणजे केवळ पेटीच. ही माणसे बाजारात मिळत नाहीत. पण ती प्रत्येक गावात असतात आणि बोलाविले तर येतात.

विज्ञानाने चित्र मोठे केले आणि यंत्र लहान केले. त्यासमोर बसणारा समुदाय मोठा करावयाचा की लहान, हे मात्र विज्ञान ठरविणार नाही. ते शाळांच्या व्यवस्थापन समित्या, ग्रंथालयांचे संचालक आणि ग्रामपंचायती ठरवतील. त्यांनी ते ठरविले नाही, तर बाजार ते ठरवून टाकील. त्याच्या जाहिरातीतल्या सोफ्यावर चारच माणसांची जागा आहे, हे विसरून चालणार नाही.