कंदमुळं वर्ज्य, मग वनकर्म कसं चालतं?



मागच्या रविवारी आम्ही मुळशीला प्लॉट बघायला गेलो. एजंट म्हणाला, "मागची झाडी व्यवहाराआधी साफ करून देतो, व्ह्यू मोकळा होईल." झाडी म्हणजे जांभूळ, हिरडा, आंबा. चौदस होती, म्हणून माझ्या डब्यात हिरवी भाजीसुद्धा नव्हती!

कांदा-बटाटा आपण घरात येऊ देत नाही, कारण त्यात अनंत जीव. पक्खीच्या प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यांतलं पहिलं अंगारकर्म, म्हणजे कोळशाच्या भट्ट्या लावणं. दुसरं वनकर्म, म्हणजे जंगल तोडणं. श्रावकाने हे करायचं नाही आणि करवायचंही नाही.

मुळशीत दोन्ही झालं. मालकीचं रान आधी कोळशासाठी गेलं, आता फार्महाऊससाठी जातंय. २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य झालं, पण हद्दीबाहेरचं बरंच रान खासगी आहे. शेकरूला ही हद्द कळत नाही. आपल्या राज्याचा हा प्राणी उंच फांद्यांवर घरटं बांधतो आणि झाडावरून झाडावर उड्या घेत जातो. जमिनीवर क्वचितच उतरतो. मधली चार झाडं पडली की त्याची वाट तुटते.

"आपण कुठे तोडतो? विकणारा तोडतो." पण कुऱ्हाड चालते ती आपल्या इसाराच्या भरवशावर. यालाच करवणं म्हणतात. "नंतर झाडं लावू की!" लॉन आणि शोभेच्या पामांवर शेकरू राहत नाही. याच मुळशी-मावळात गावांनी देवराया पिढ्यान् पिढ्या राखल्या. त्यांना कर्मादानं पाठ नव्हती, तरी त्यांनी पाळली.

म्हणून इसार देण्याआधी विचारा: झाडं तोडली का? १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार मालकीच्या जमिनीतही ठराविक जातींना परवानगी लागते. ती दाखवा म्हणा. जुनी उपग्रह-चित्रं मोबाइलवर बघा. रान नुकतंच मोकळं केलेलं दिसलं, तर नको म्हणा. जमिनीचं पुरुष बघतात, असं म्हणू नका. घरात बटाटा येत नाही, तो कोणाच्या शब्दावर?

मी नाही म्हटलं. घरात अजून अबोला आहे. तो संपेल. पण येत्या पक्खीला 'वनकर्म' म्हणताना मला मान खाली घालावी लागणार नाही.