खेळणारा आणि खेळवणारा

उत्तम कवी वर्गात कविताही उत्तम शिकवील, असे नाही. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या मला या बाबतीत कुणाची साक्ष नको. पण काढायचीच झाली, तर मी ती थेट अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरून काढीन. साक्षीदाराचे नाव टेड विल्यम्स.

बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा ज्याचा फटका साधला, तो गडी नामांकित ठरतो. बोस्टन रेड सॉक्सच्या विल्यम्सची सरासरी १९४१ च्या मोसमात शेवटच्या दिवशी सकाळी .३९९५५ होती, म्हणजे दहांत जवळजवळ चार. हिशेबात ती .४०० च धरली गेली असती. मॅनेजर क्रोनिन म्हणाला, हवे तर आज खेळू नकोस. तेवीस वर्षांचा हा पोरगा खेळला! दोन सामन्यांत आठांपैकी सहा फटके साधून त्याने सरासरी .४०६ वर नेली. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये त्यानंतर कुणालाही .४०० गाठता आलेली नाही.

१९६० मध्ये अखेरच्या खेपेला होमरन मारून तो निवृत्त झाला आणि १९६९ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर झाला. हा मॅनेजर म्हणजे हिशेबाच्या वह्या सांभाळणारा नव्हे. कुणाला खेळवायचे, पिचर केव्हा बदलायचा, हे ठरवणारा संघाचा कर्ताकरविता. आदल्या वर्षी ६५ सामने जिंकून तळाला राहिलेल्या या संघाने त्याच्या हाताखाली ८६ जिंकले. जणू परीसच सापडला! पण पुढे ७०, मग ६३ आणि १९७२ मध्ये, संघ टेक्सासला गेल्यावर, ५४. विल्यम्सने ते काम सोडले.

यात मालकाचाही वाटा होता. चांगले गडी देऊन त्याने मॅक्लेन हा पिचर आणला आणि १९७१ मध्ये मॅक्लेनच्या नावावर २२ पराभव लागले. पण मला कुतूहल आहे ते गुरूच्या अडचणीचे. 'द सायन्स ऑफ हिटिंग' या पुस्तकात विल्यम्सने चौकटीत ७७ चेंडू मांडून कुठल्या जागी आपली सरासरी किती पडेल, याचा अंदाज दिला आहे. मधोमध .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात.२३०. तात्पर्य एवढेच, की आपला चेंडू येईपर्यंत दम धरावा. हा दम शिकवता येतो. पण पिचरच्या हातून सुटताच चेंडू आपला की परका, हे ओळखणारी नजर कशी द्यायची? आम्ही वृत्ते शिकवतो; कान देऊ शकत नाही.

तरीही विल्यम्सला नापास करायला माझी जीभ रेटत नाही. चार वर्षांत एकदा त्याने तळाच्या संघाला जिंकायला शिकवले. चारांत एक, म्हणजे .२५०. मास्तरकीत ही सरासरी पुष्कळ झाली!