चेन मागवण्याआधी पट्टी घ्या

वाढदिवसाला किंवा ईदला मामू-चाचांकडून मिळणाऱ्या भेटींत आता ४९ सीसीची छोटी डर्ट बाइकही आली आहे. दोरी ओढली की सुरू होते, गिअर नाहीत, सीट मुलाच्या कमरेइतकी उंच. काही महिन्यांनी ती जिन्याखाली उभी दिसते. मोठं काही बिघडलेलं नसतं. चेन तुटलेली असते, नाहीतर स्टार्टरची दोरी स्प्रिंगसकट बाहेर आलेली असते. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, "हिचा माल आपल्याकडे येत नाही." मग अब्बा मोबाइलवर फोटो बघून पार्ट मागवतात आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते.

या गाड्यांचे पार्ट दिसतात सारखे, बसतात वेगवेगळे. चेनचंच घ्या. यात दोन जाती सर्रास आढळतात, २५ एच आणि टी ८ एफ. पहिलीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत ६.३५ मिलिमीटर अंतर असतं, दुसरीत ८. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून एक कडी मोजू नका, दहा कड्या मोजा. चेन ताणून धरा, पहिल्या पिनेच्या मध्यापासून अकराव्या पिनेच्या मध्यापर्यंत कंपासपेटीतली पट्टी लावा. साडेसहा सेंटिमीटरच्या थोडं आत आलं तर २५ एच, बरोबर आठ आलं तर टी ८ एफ. मग एकूण कड्या मोजून लिहून ठेवा. हे काम मुलाकडूनच करून घ्या. सरासरी काढून चूक कशी कमी होते ते आम्ही वर्गात फळ्यावर शिकवतो, इथे ते हाताला ग्रीस लागून समजतं. चेनची जात बदलायची तर पुढचं-मागचं दोन्ही स्पॉकेट बदलावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

टायरचे आकडे आणखी फसवे. २.५०-१० असं लिहिलं असेल तर १० म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. पण १२ १/२ × २.७५ असं असेल तर पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा. जुन्या टायरवरचं अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावं, अंदाज बांधू नये.

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. गाडीसोबतच्या कागदावर २५:१ असं प्रमाण असेल तर एका लिटरला ४० मिलिलिटर. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन चिकटतो, मग पार्ट शोधत बसण्यात अर्थ उरत नाही.

गाडी पुन्हा चालू झाली की मुलांचा पुढचा हट्ट वेगाचा. पुढचं ६ दातांचं स्पॉकेट काढून ७ दातांचं लावलं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत वेग सुमारे १७ टक्के वाढतो आणि चढावर ओढ कमी होते. नंतर मोठा कार्बोरेटर. यात गंमत आहे, शिकण्यासारखंही आहे, नाही असं नाही. पण ब्रेक तेच राहतात! घरात खर्च करायचाच असेल तर पहिले पैसे ब्रेक शू किंवा पॅड, ब्रेकची केबल, इंजिन बंद करायचा स्विच आणि चेनवरच्या कव्हरवर घाला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन मागे येत नसेल तर ती केबल बदलेपर्यंत दोरी ओढूच नये. कव्हर तुटलं की "चालतं तसंच" म्हणून फिरवणारे पुष्कळ आहेत. कुर्त्याचा घेर, बहिणीची ओढणी, लहानग्याची बोटं, सगळं त्या उघड्या चेनच्या वाटेत येतं.

आणि गल्ली म्हणजे रस्ताच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर मोटारवाहन चालवून गुन्हा घडला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी "खेळण्यातली" म्हणून विकली होती, हे सांगून भागत नाही. फिरवायची तर बंदिस्त खाजगी मैदानात, हेल्मेट घालून, मोठं माणूस शेजारी उभं ठेवून.

पार्ट मागवताना जुना तुकडा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तोच विक्रेत्याला पाठवा. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर त्यात दिसलं पाहिजे. नवा पार्ट बसून गाडी चार फेऱ्या मारेपर्यंत जुना भंगारात देऊ नका.